ट्यूब लाल होते, फ्यूज उडतो: तिसरी जोडी घेण्याआधी पाचव्या पिनवर मीटर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन ६एल६ आउटपुट ट्यूबचा, साधारण ४० वॉटचा जुना गिटार अॅम्प आहे. चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं उत्तम वाजतो. मग आवाज हळूहळू जाड आणि फाटका होतो, मागून वाकून पाहिलं तर डावीकडच्या ट्यूबची प्लेट लालभडक झालेली असते आणि थोड्याच वेळात फ्यूज उडतो. दोन वेळा नवी जोडी घातली, दोन्ही वेळा काही दिवसांत डावीकडेच पुन्हा तेच. मित्र म्हणतो जरा मोठा फ्यूज टाक. आणि तुम्ही विचारताय, तिसरी जोडी कोणत्या कंपनीची घ्यावी?

माझं मत आधीच सांगतो: तिसरी जोडी घेऊ नका, आणि फ्यूज आहे त्याच रेटिंगचा राहू द्या. तुमच्याच वर्णनात अर्धं उत्तर आहे. दोन वेगवेगळ्या जोड्या घातल्या आणि दोन्ही वेळा डावीकडचीच ट्यूब लाल झाली. म्हणजे दोष ट्यूबबरोबर आला नाही आणि ट्यूबबरोबर गेलाही नाही, तो त्या सॉकेटपाशी मुक्कामाला आहे. दुरुस्तीला आलेल्या अॅम्पवर मी सगळ्यात आधी दोन ट्यूबची जागा अदलाबदल करून पाहतो. दोष ट्यूबमागे सरकला तर ट्यूब खराब, जागेवरच राहिला तर सर्किट खराब. ही चाचणी तुमच्याकडून नकळत होऊन गेली आहे. तेव्हा खरा प्रश्न कंपनीचा नाही. डावीकडच्या ट्यूबला जो निगेटिव्ह व्होल्टेज मिळायला हवा, तो वीस मिनिटांनी कुठे जातो, हा खरा प्रश्न आहे.

एक गोष्ट तुमच्या अॅम्पच्या बांधणीवर अवलंबून आहे. त्याचं सर्किट माझ्यासमोर नाही, पण ४० वॉट आणि दोन ६एल६ म्हटल्यावर तो बहुतेक फिक्स्ड बायसचा असणार, म्हणजे कंट्रोल ग्रिडला (ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या जाळीला) वेगळ्या छोट्या सप्लायमधून निगेटिव्ह व्होल्टेज दिलेला. या घराण्याचे अॅम्प एकमेकांचे सख्खे-चुलत भाऊ आहेत. मार्शलचा १९६२चा पहिला जेटीएम ४५ हासुद्धा फेंडर बेसमनच्या सर्किटवर बेतलेला होता. त्यामुळे नाव कुठलंही असलं तरी फेज इन्व्हर्टर (सिग्नल दोन आउटपुट ट्यूबना उलटसुलट वाटून देणारी ट्यूब), त्यातून निघणारे दोन कपलिंग कंडेन्सर आणि ग्रिडला बायस पोहोचवणारे दोन ग्रिड रेझिस्टर ही मांडणी तुम्हाला सापडेलच. कॅथोड बायसचा, म्हणजे असा वेगळा निगेटिव्ह सप्लाय नसलेला अॅम्प निघाला तर खालचे आकडे लागू होणार नाहीत. तिथे ग्रिडवर शून्य व्होल्ट दिसायला हवा, आणि पॉझिटिव्ह दिसला तर संशयित तोच, ज्याच्याबद्दल पुढे लिहितो आहे.

बायस म्हणजे ट्यूबचा लगाम. प्लेटवर साधारण ४३० व्होल्ट असतात आणि ट्यूबला मोकळं सोडलं तर ती जितका करंट ओढता येईल तितका ओढते. ग्रिडवर उणे ४८ व्होल्टच्या आसपास दिलं की ती आवाज नसताना ४० ते ५० मिलीअँपवर शांत बसते. ६एल६जीसीच्या प्लेटची उष्णता सोसायची मर्यादा ३० वॉट आहे. ४३० व्होल्टला ४८ मिलीअँप म्हणजे साधारण २१ वॉट, अगदी सुखाची स्थिती. लगाम सुटून हाच करंट दुप्पट झाला तर ४१ वॉट होतात. मग प्लेट लाल होते, काच तापते, आतला वायू सुटतो, स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टर भाजतो आणि शेवटी फ्यूज जातो. फ्यूज त्याचं काम चोख करतो आहे. मोठा फ्यूज टाकलात तर तो वाचेल, पण त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जळेल. जुन्या अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गेला की त्याच्या जोडीचा मिळवणं फार जिकिरीचं असतं. हा सल्ला मित्राने आपुलकीने दिला असेल, तरी कृपा करून ऐकू नका.

फ्यूज कधी उडतो, याकडे मी नेहमी बारकाईने पाहतो. मेनचं बटण दाबताक्षणी उडाला तर पॉवर ट्रान्सफॉर्मर, हीटरची वायरिंग किंवा शॉर्ट झालेला डायोड. स्टँडबायचं (मोठा व्होल्टेज अडवून ठेवणारं) बटण उघडताक्षणी उडाला तर फिल्टर कंडेन्सर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ट्यूब गरम व्हायला लागणारं अर्धं मिनिट थांबून उडाला तर बायस मुळातच नाही. आणि तुमच्यासारखा पंधरा-वीस मिनिटं नीट चालून उडाला, तर काहीतरी तापल्यावर बिघडतं आहे. उडालेला फ्यूज फेकू नका, उजेडात धरा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर थेट शॉर्ट झालेला असतो. तार फक्त मधोमध वितळून तुटली असेल, काच स्वच्छ असेल, तर करंट सावकाश वाढत गेलेला असतो. तुमचा फ्यूज दुसऱ्या प्रकारचा निघेल असा माझा अंदाज आहे.

आता मोजमापाकडे वळायचं. पण त्याआधीची गोष्ट दोनदा वाचा. या चॅसीत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढला तरी तो फिल्टर कंडेन्सरमध्ये साठून राहतो. असा साठा जीव घेऊ शकतो. प्लग काढा, मग १०० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना क्लिप असलेल्या, चांगलं इन्सुलेशन असलेल्या वायरीत जोडून घ्या. एक क्लिप चॅसीला आणि दुसरी पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला लावा. एकूण १०० मायक्रोफॅरड धरले तर दर १० सेकंदांना व्होल्टेज साधारण एक तृतीयांशावर येत जातो. पूर्ण एक मिनिट थांबा, मग मीटरने प्रत्यक्ष बघा आणि १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका. स्क्रू ड्रायव्हरने थेट शॉर्ट करायची सवय पुष्कळांना असते. त्याने कंडेन्सर दुखावतो, टोक उडतं आणि डोळ्यांना धोका होतो. चालू अॅम्पमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवावा, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावं आणि आसपास दुसरं माणूस असावं. यातल्या एकाही गोष्टीची खात्री वाटत नसेल तर पुढचं मोजमाप ट्यूब अॅम्प हाताळणाऱ्या माणसाकडून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. हे सगळं वाचलेलं असेल तर त्याच्याशी नेमकं बोलता तरी येईल.

सॉकेट खालून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजा. २ आणि ७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ कंट्रोल ग्रिड, ८ कॅथोड. आपल्याला ५ हवी. मीटरची दांडी हातात धरून चालू अॅम्पमध्ये पाचव्या पिनला कधीही टेकवू नका. शेजारीच चौथी पिन आहे, तिच्यावर ४०० व्होल्टच्या वर असतात. दांडी मिलिमीटरभर घसरून दोन्हींना एकदम लागली तर उणे ४८ ऐवजी ते ४०० व्होल्ट थेट ग्रिडवर जातात आणि चांगली ट्यूब एका क्षणात संपते. मी प्लग काढून, डिस्चार्ज करून, छोटी हुक-क्लिप लावून घेतो. तीही पिनवर नाही, तर पिनच्या अलीकडच्या १.५ किलोओहमच्या छोट्या रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला. मग हात बाहेर काढून अॅम्प चालू करतो. स्पीकर जोडलेला असायलाच हवा.

दोन्ही ट्यूबच्या ग्रिडवर, सुरुवातीला आणि मग दर पाच मिनिटांनी, आकडा लिहून काढा. दोन्हीकडे एकदम घसरण झाली तर दोष बायस सप्लायमध्येच आहे, कारण दोघींना एकाच ठिकाणाहून पाणी येतं. एकीकडेच घसरण झाली तर दोष तिच्या फांदीवर आहे. तुमच्याकडे एकच ट्यूब लाल होते, त्यामुळे एकीकडचीच घसरण दिसेल असं वाटतं. प्लेटवर लाली दिसली की ताबडतोब स्टँडबाय करा. आकडा मिळाला की चाचणी झाली, ट्यूब भाजत ठेवायची गरज नाही.

माझ्या टेबलावर आलेला एक अॅम्प सांगतो, तुमच्याशी अगदी मिळताजुळता. मालकाने तीन जोड्या जाळल्या होत्या. आधी ज्याने पाहिला त्याने कपलिंग कंडेन्सर काढून मीटरवर तपासले होते, दोन्ही ठणठणीत म्हणून परत लावले होते. मी डाव्या ग्रिडला क्लिप लावली. सुरुवातीला उणे ४८. पाच मिनिटांनी ४७. बारा मिनिटांनी ४३. वीस मिनिटांनी ३६, आणि प्लेटच्या शिवणीवर मंद लाली. उजवीकडे आकडा ४८ वरून हललाच नाही. स्टँडबाय करून गरम असतानाच दोन्ही ६एल६ फडक्याने धरून काढल्या आणि ट्यूबशिवाय पुन्हा चालू केला. डावीकडे उणे ३८, उजवीकडे उणे ५०. इथेच निकाल लागला.

तो कसा, ते समजून घ्या. ट्यूब काढली की सप्लायवरचा भार हलका होतो आणि सगळेच व्होल्टेज थोडे वर जातात, म्हणून नुसता आकडा पाहू नये, दोन बाजूंतला फरक पाहावा. ट्यूब सॉकेटमध्ये नसतानाही फरक कायम राहिला, म्हणजे तो ट्यूबमुळे नव्हता. खराब ट्यूबही तापल्यावर ग्रिडमधून करंट सोडते आणि बायस ओढून नेते, पण ती काढताच आकडा सावरतो. इथे सावरला नाही. मग उरतो कपलिंग कंडेन्सर. त्याच्या एका बाजूला फेज इन्व्हर्टरच्या प्लेटचे साधारण २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला आपला ग्रिड. कंडेन्सरने फक्त आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ द्यायचा, डीसी अडवायचा. तो जरासा जरी झिरपला तरी ते पॉझिटिव्ह व्होल्ट ग्रिडवर येऊन लगाम सैल करतात.

जरासा म्हणजे किती, हे पाहिलं की जुन्या कारागिरांना या कंडेन्सरची एवढी धास्ती का असते ते कळतं. ग्रिड रेझिस्टर २२० किलोओहमचा. त्यावर १२ व्होल्टचा फरक पडायला सुमारे ५५ मायक्रोअँप पुरतात. म्हणजे कंडेन्सरच्या आतला रोध अजूनही जवळजवळ ५ मेगाओहम होता! आणि तोही फक्त तापल्यावर, अडीचशेच्या वर व्होल्ट अंगावर असताना. थंड करून, काढून, मीटरच्या छोट्या बॅटरीवर मोजला तर तो निर्दोषच दिसणार. आधीच्या माणसाने मोजमाप केलं होतं, पण ज्या परिस्थितीत दोष येतो ती परिस्थिती मीटरला दाखवलीच नाही. म्हणून मी कपलिंग कंडेन्सर जागेवर, चालू व्होल्टेजवर तपासतो. घाई असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून त्या एकाच कंडेन्सरवर सोडतो. आकडा हलायला लागला की तोच.

बदलताना दोन्ही बाजूंचे बदला, एक पिकला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे. जुन्यावर जितके मायक्रोफॅरड छापले असतील तितकेच ठेवा. फेंडर पद्धतीत बहुधा ०.१ मायक्रोफॅरड असतो, मार्शल पद्धतीत ०.०२२. व्होल्टेज रेटिंग ६०० किंवा ६३०, त्याखाली नको. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर, दोन्ही चालतात. माझ्या कानाला या जागी दोघांत फरक कळलेला नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. झाळ चांगली द्या आणि कंडेन्सर तापणाऱ्या रेझिस्टरला चिकटवून बसवू नका.

कंडेन्सर निर्दोष निघाला तर त्याच फांदीवर आणखी दोन-तीन जागा आहेत. प्लग काढून, डिस्चार्ज करून, पाचव्या पिनपासून बायसच्या सामाईक टोकापर्यंत ओहम मोजा. २२० आणि १.५ मिळून सुमारे २२१ किलोओहम यायला हवेत. मेगाओहममध्ये गेला किंवा ओपन दिसला तर ग्रिड रेझिस्टर किंवा त्याची झाळ गेलेली आहे. मग सॉकेट पाहा. पाचव्या पिनची पकड सैल झाली की ट्यूबला बायस पोहोचतच नाही, आणि हा दोष अॅम्प हलवला की येतो-जातो. बारीक टोच्याने पकड आवळता येते. टॉर्च लावून तिसऱ्या आणि दुसऱ्या पिनच्या मधला भागही बघा. तिथे केसासारखी काळी रेघ दिसली तर कधीतरी स्पीकर न जोडता अॅम्प वाजवलेला असतो आणि प्लेटवरून ठिणगी उडालेली असते. ती रेघ कार्बनची असते, करंट वाहून नेते आणि खरवडून जात नाही. सॉकेटच बदलावं लागतं.

दोन्हीकडे घसरण दिसली तर बायस सप्लाय उघडा. त्यात असतं मोजकंच: एक डायोड, एक-दोन रेझिस्टर, एखादा छोटा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि बहुतेक वेळा एक पॉट (बायस कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर). कंडेन्सर जुना असेल तर निमूट बदला, फक्त एक लक्षात ठेवा: इथे पॉझिटिव्ह पाय चॅसीला जातो. हे उलटं लावलेले अॅम्प माझ्याकडे वारंवार येतात, कारण बाकी सगळ्या ठिकाणी निगेटिव्ह चॅसीला असतो आणि हाताला तीच सवय. पॉटचा मधला संपर्क उडाला तर बायस एकदम नाहीसा होतो, म्हणून मी मधल्या टोकापासून जास्त निगेटिव्ह असलेल्या टोकापर्यंत एक मोठा रेझिस्टर कायमचा लावून देतो. पॉट मेला तरी ट्यूब थंड बाजूला जातात, जळत नाहीत.

आता दुरुस्तीनंतरचं, कारण इथे घाई झाली की तिसरी जोडीही जाते. लाल झालेल्या ट्यूबने सोबत काय काय भाजलं ते आधी बघा. चौथ्या पिनवरचा स्क्रीन रेझिस्टर, फेंडर पद्धतीत ४७० ओहमचा, हमखास ओपन किंवा वाढलेला सापडतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप ते दोन्ही प्लेट, असे दोन रोध मोजा. दोन्ही दहा-वीस ओहमने वेगळे आले तर घाबरू नका, बाहेरच्या वेढ्याला तार जास्त लागते म्हणून तसं होतं. एक बाजू ओपन असेल तर मात्र ती वाईट बातमी आहे.

मग सिरीज लॅम्पवर, म्हणजे मेनच्या वायरीत एक दिवा ओळीने जोडून, चालू करा. दिवा तारेचा, १०० वॉटचा हवा, एलईडी इथे उपयोगाचा नाही. आधी आउटपुट ट्यूब न घालता. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा. लॅम्प जोडलेला असताना व्होल्टेज कमी मिळतो, त्यामुळे बायस त्यावर लावू नका. लॅम्प काढा, दोन्ही पाचव्या पिनवर सारखा निगेटिव्ह आहे ना ते ट्यूबशिवायच पाहा, बायस सर्वांत जास्त निगेटिव्ह टोकाला ठेवा आणि मगच ट्यूब घाला. आठव्या पिन आणि चॅसीमध्ये १ ओहमचा रेझिस्टर लावला असेल तर जितके मिलिव्होल्ट तितके मिलीअँप, हिशेब सोपा. त्यात स्क्रीनचे थोडे मिलीअँप धरलेले असतात, म्हणून प्लेटचा खरा करंट जरा कमीच असतो. प्लेट व्होल्टेज गुणिले करंट २० वॉटच्या आसपास ठेवा. तुमच्या जुन्या दोन जोड्यांतल्या उजवीकडच्या ट्यूब अजून चांगल्या असण्याची बरीच शक्यता आहे. चाचणीला त्याच वापरा, नव्या ट्यूब पेटीतच राहू द्या.

शेवटी अॅम्प चॅसी बाहेर ठेवून नव्हे, तर खोक्यात बसवून, मागची फळी लावून पाऊण तास चालवा. आतली उष्णता तेव्हाच खरी वाढते आणि तुमचा दोष उष्णतेचाच आहे. मग फळी काढून करंट पुन्हा मोजा.

हे सगळं एका बैठकीत करायची गरज नाही. तूर्त एवढंच करा: दोन्ही पाचव्या पिनवरचे आकडे, सुरुवातीचे आणि वीस मिनिटांनंतरचे, ट्यूब घालून आणि ट्यूब काढून, आणि उडालेल्या फ्यूजची काच कशी दिसते. हे आठ आकडे आणि काचेचं वर्णन कळवलंत की कुठला भाग बदलायचा ते नेमकं सांगता येईल.